रिमांड होमवर लक्ष कोणाचं? बाल न्याय व्यवस्थेच्या सरकारी देखरेखीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलाला पोलीस घेऊन गेले की घरचे पहिल्यांदा विचारतात, "सुटणार कधी?" दुसरा प्रश्न रात्री झोप लागत नाही तेव्हा येतो, "आत त्याला मारत तर नसतील ना?" पहिल्या प्रश्नाला वकील उत्तर देतो. दुसऱ्याचं उत्तर सरकारने द्यायचं असतं, पण त्यासाठी कोणत्या टेबलावर जायचं हे फार थोड्यांना ठाऊक असतं. मी एका जिल्ह्याच्या निरीक्षण समितीवर, म्हणजे मुलांची गृहं तपासणाऱ्या समितीवर, काही काळ नागरी सदस्य होते. त्या काळात आई-वडिलांनी, शिक्षकांनी, कॉलेजच्या मुलांनी आणि एकदा तर एका पोलीस हवालदाराने मला विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. माहिती महाराष्ट्रापुरती आहे, पण कायदा देशभर एकच आहे: बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५. तो १५ जानेवारी २०१६ पासून लागू झाला.

रिमांड होम, बालसुधारगृह, निरीक्षणगृह हे सगळं एकच का?

लोक बोलताना एकच समजतात. कायद्यात मात्र चार वेगळ्या जागा आहेत. चौकशी चालू असताना मुलाला ठेवतात ते निरीक्षणगृह. यालाच आपण अजून रिमांड होम म्हणतो. मुलाने गुन्हा केल्याचं सिद्ध झालं आणि बाल न्याय मंडळाने ठेवायचा आदेश दिला तर विशेष गृह, तेही जास्तीत जास्त तीन वर्षं. सोळा वर्षांवरच्या, गंभीर आरोप असलेल्या मुलांसाठी सुरक्षित स्थान. आणि ज्यांच्यावर कसलाही आरोप नाही, पण ज्यांना घर नाही किंवा घरात धोका आहे, त्यांच्यासाठी बालगृह.

हा फरक लक्षात ठेवा, कारण तक्रार कुठे करायची ते यावरून ठरतं. आरोप असलेल्या मुलाला कायदा 'विधिसंघर्षग्रस्त बालक' म्हणतो आणि त्याचा विषय बाल न्याय मंडळाकडे जातो. काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाचा विषय बाल कल्याण समितीकडे. चुकीच्या दारात उभं राहून लोकांचे आठवडे गेलेले मी पाहिले आहेत.

या गृहांवर सरकारचं नेमकं कोण लक्ष ठेवतं?

एकटं कोणीच नाही, आणि लोकांचा गोंधळ इथेच होतो. राज्यात महिला व बाल विकास विभाग सगळ्यात वर, त्याचं आयुक्तालय पुण्यात. जिल्ह्यात जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी आणि जिल्हा बाल संरक्षण कक्ष. पैसा मुख्यतः केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेतून येतो, राज्याचा वाटा त्यात असतो. महाराष्ट्रातली बरीच निरीक्षणगृहं सरकार स्वतः चालवत नाही. ती जिल्हा परिविक्षा व अनुरक्षण संघटनांसारख्या संस्था अनुदानावर चालवतात. मुंबईत हे काम १९२७ साली स्थापन झालेली चिल्ड्रन्स एड सोसायटी करते. त्यामुळे "ही सरकारी जागा आहे" आणि "ही संस्थेची जागा आहे" अशी दोन्ही वाक्यं एकाच गेटवर ऐकायला मिळतात. कर्मचाऱ्यांना पगार कोण देतं आणि जाब कोण विचारतं याच्याशी मुलाला देणंघेणं नसतं. कायद्याने जबाबदारी राज्याची आहे, गृह कोणीही चालवो.

याशिवाय बाल न्याय मंडळाने दर महिन्याला किमान एकदा गृहाला भेट द्यायची असते. बाल कल्याण समितीने बालगृहांना महिन्यातून किमान दोनदा. निरीक्षण समितीने दर तीन महिन्यांनी किमान एकदा. शिवाय कायदा नीट राबवला जातो की नाही हे पाहण्याचं काम राष्ट्रीय आणि राज्य बाल हक्क संरक्षण आयोगांचं. कागदावर मोजलं तर एका मुलावर इतक्या नजरा आहेत की त्याच्या अंगावर वळ उमटला तर तासाभरात कळायला हवं. तसं होत नाही, कारण प्रत्येकाला वाटतं की दुसऱ्याने पाहिलं असेल.

निरीक्षण समिती येते तेव्हा काय बघते?

नियम सांगतो की पथकात किमान तीन जण हवेत, त्यात एक स्त्री आणि एक वैद्यकीय अधिकारी असलाच पाहिजे. जिल्हा बाल संरक्षण अधिकारी सोबत असतो. गृहाची मापं नियमांत दिलेली आहेत. पन्नास मुलांच्या गृहासाठी केंद्राचे आदर्श नियम पंचवीस-पंचवीस मुलांची दोन शयनगृहं, पाच न्हाणीघरं आणि आठ संडास धरतात. ते मोजणं सोपं आहे. पटावरची नावं आणि प्रत्यक्ष हजर मुलं जुळतात का, औषधांची नोंद, शिक्षक येतो का, समुपदेशक कधी आला होता, हेही तपासता येतं.

माझ्या दुसऱ्या भेटीतली गोष्ट सांगते. भोजनाचा तक्ता भिंतीवर रंगवलेला होता. सोमवारी उसळ, बुधवारी अंडं, रविवारी गोड. आम्ही बुधवारी गेलो होतो. स्वयंपाकघरात मोठ्या पातेल्यात वरण होतं आणि ते इतकं पातळ की पळी घातली तर तळ दिसत होता. अंड्यांविषयी विचारलं तर "आजच आलं नाही" असं उत्तर मिळालं. मग आमच्या डॉक्टरबाईंनी कोठीची वही मागितली. मागच्या पाच बुधवारी अंड्यांची आवकच नव्हती. कोणी ओरडलं नाही, भांडण झालं नाही. वहीच्या त्या पानाचा फोटो अहवालाला जोडला. पुढच्या तिमाहीत अंड्यांची पावती होती.

मोजता येणाऱ्या गोष्टी अशा पकडता येतात. ज्या मोजता येत नाहीत त्या पकडायला एकच रस्ता आहे: मुलाशी एकट्याने बोलणं, अधीक्षक आणि काळजीवाहक ऐकू शकणार नाहीत इतक्या अंतरावर. हे मी सगळ्यात वर ठेवते. ज्या भेटीत मुलांना ओळीने उभं करून "काही त्रास आहे का?" विचारलं आणि सगळ्यांनी एका सुरात "नाही" म्हटलं, ती भेट झालीच नाही असं मी मानते. भेटवहीत मात्र तिचीही "सर्व समाधानकारक" अशी नोंद होते. एका वहीत लागोपाठ तीन भेटींखाली तेच वाक्य, त्याच शाईत, मी वाचलेलं आहे.

तक्रारपेटी असते म्हणतात. तिचा उपयोग होतो का?

होतो, ती योग्य जागी असेल तर. नियमांप्रमाणे पेटी कार्यालयापासून दूर, मुलांच्या राहण्याच्या भागाजवळ हवी. किल्ली गृहाच्या व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांकडे हवी, अधीक्षकांकडे नाही. दर आठवड्याला ती बालसमितीसमोर, म्हणजे गृहातल्याच मुलांच्या समितीसमोर, उघडायची असते. मी पाहिलेल्या एका गृहात पेटी अधीक्षकांच्या खुर्चीच्या मागे खिळ्याला लटकत होती आणि किल्ली त्यांच्याच खणात होती. त्यांचा हेतू वाईट नव्हता, "चोरीला जाऊ नये म्हणून" असं ते मनापासून सांगत होते. पण ज्या मुलाला त्यांच्याबद्दलच काही लिहायचं असेल, त्याने काय करायचं? पेटी हलवायला दहा मिनिटं लागली. दोन आठवड्यांनी पहिली चिठ्ठी निघाली. न्हाणीघराचं दार आतून लागत नाही, एवढंच तीत लिहिलं होतं. इतक्या साध्या गोष्टीसाठी त्या मुलाने किती दिवस वाट पाहिली असेल.

अहवाल लिहिला की पुढे काय?

भेटीनंतर आठवड्याच्या आत अहवाल द्यायचा असतो. २०२१ च्या दुरुस्तीनंतर तो जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. त्यांनी महिन्याभरात कारवाई करून राज्य सरकारला अनुपालन अहवाल, म्हणजे काय कारवाई झाली याचा अहवाल, पाठवायचा असतो. ही दुरुस्ती १ सप्टेंबर २०२२ पासून लागू आहे.

पालकांनी 'अनुपालन' हा शब्द पाठ करून ठेवावा. "तपासणी झाली का?" असं विचारलंत तर उत्तर नेहमी "हो" येईल. "मागच्या तपासणीचं अनुपालन झालं का?" असं विचारलंत की समोरचा माणूस फाइल काढतो.

जिल्हाधिकाऱ्यांना एवढे अधिकार देणं बरोबर आहे का?

या क्षेत्रात यावर दोन मतं आहेत. मला स्वतःला अर्धं बरोबर वाटतं. जिल्हाधिकाऱ्यांचा शब्द पोलीस, आरोग्य, शिक्षण, बांधकाम अशा सगळ्या खात्यांत चालतो. गळकं छप्पर महिला व बाल विकास कार्यालयाच्या पत्राने दुरुस्त होत नाही, जिल्हाधिकाऱ्यांच्या बैठकीत विषय निघाला की होतं. नवीन संस्थेच्या नोंदणीआधी त्यांची शिफारस लागते, बाल कल्याण समितीच्या कामाचा तिमाही आढावा ते घेतात, त्या समितीविरुद्धची गाऱ्हाणी ते ऐकतात. दुसरी बाजू अशी की त्यांच्याकडे निवडणुका आहेत, पूर आहेत, पीक विमा आहे, पालखी सोहळा आहे. चाळीस मुलांचं निरीक्षणगृह त्या यादीत सहज तळाला जातं. म्हणून ज्या जिल्ह्यात जिल्हा बाल संरक्षण अधिकारी चिकाटीचा असतो तिथे ही दुरुस्ती उपयोगी पडते. जिथे ते पद रिकामं किंवा प्रभारी असतं तिथे अहवाल नुसते साचतात.

बाल न्याय मंडळाने चुकीचा आदेश दिला तर सरकार तो बदलू शकतं का?

नाही. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यातली किमान एक स्त्री. त्यांचा आदेश हा न्यायालयीन आदेश आहे. तो मान्य नसेल तर तीस दिवसांत बाल न्यायालयात अपील करायचं किंवा उच्च न्यायालयात जायचं. मंत्री फोन करून आदेश फिरवू शकत नाही आणि फिरवू नये.

सरकार पाहू शकतं ते सदस्यांचं वागणं. सामाजिक कार्यकर्ते सदस्य राज्य सरकार नेमतं, तेच चौकशी करून त्यांना काढू शकतं: अधिकाराचा गैरवापर, सलग तीन महिने गैरहजेरी, वर्षभरात तीन-चतुर्थांशांपेक्षा कमी बैठकांना उपस्थिती, अशा कारणांसाठी.

पुण्याचं प्रकरण सगळ्यांना आठवत असेल. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये भरधाव पोर्शे गाडीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. सतरा वर्षांच्या मुलाला मंडळाच्या एका सदस्याने त्याच दिवशी जामीन दिला, त्यात तीनशे शब्दांच्या निबंधाची अट होती. लोक संतापले, ते साहजिक होतं. नंतर मंडळाने त्याला निरीक्षणगृहात पाठवलं आणि २५ जूनला मुंबई उच्च न्यायालयाने ते ठेवणं बेकायदेशीर ठरवून त्याला आत्याच्या ताब्यात दिलं. दुसऱ्या रस्त्याने महिला व बाल विकास विभागाने मंडळाच्या दोन सामाजिक सदस्यांच्या वर्तनाची चौकशी केली, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये सरकारने त्या दोघांची नेमणूक संपवली. आदेशाची तपासणी न्यायालयाने केली, माणसांची सरकारने. हे दोन रस्ते वेगळेच राहायला हवेत. लोकांच्या रागावर जामीन ठरू लागला तर सगळ्यात आधी भरडली जातील ती वकील परवडत नसलेली मुलं.

माझ्या मुलाची तारीख वर्षभर नुसती पुढे जातेय. याकडे कोणी बघतं का?

बघायला हवं. मुलगा पहिल्यांदा मंडळासमोर आला त्या दिवसापासून चार महिन्यांत चौकशी पूर्ण करायची असते, कारण नोंदवून आणखी दोन महिने मिळतात. किरकोळ गुन्हा असेल आणि वाढवलेल्या मुदतीतही चौकशी संपली नाही, तर प्रकरण आपोआप बंद होतं. हे फार पालकांना माहीत नसतं. वकिलाला हा मुद्दा लेखी मांडायला सांगा.

मंडळाकडच्या प्रलंबित प्रकरणांचा आढावा मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांनी दर तीन महिन्यांनी घ्यायचा असतो. त्यांच्यावर राज्य विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्याध्यक्षांची उच्चस्तरीय समिती असते. बऱ्याचदा उशिराचं कारण साधं असतं: सदस्याचं पद रिकामं, किंवा परिविक्षा अधिकाऱ्याचा सामाजिक तपासणी अहवाल, म्हणजे मुलाच्या घरच्या परिस्थितीचा अहवाल, आलेला नाही. २००५ मध्ये संपूर्णा बेहुरा यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली तीही कायद्याची अंमलबजावणी होत नाही म्हणूनच. ९ फेब्रुवारी २०१८ च्या निकालात न्यायालयाने रिकामी पदं भरायला, गृहांचं सामाजिक लेखापरीक्षण करायला सांगितलं आणि प्रत्येक उच्च न्यायालयाला स्वतःहून हा विषय हाती घ्यायला सुचवलं.

पोलीस ठाण्यावर लक्ष कोणाचं?

मुलाला कोठडीत किंवा तुरुंगात एक रात्रही ठेवता येत नाही. चोवीस तासांच्या आत, प्रवासाचा वेळ वगळून, मंडळासमोर हजर करायचं. बेडी घालायची नाही. प्रत्येक ठाण्यात एक बालकल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो. त्याचं नाव विचारा, नुसतं नाव विचारल्यानेही ठाण्यातला सूर बदलतो. मंडळाला प्रौढांच्या तुरुंगांचीही नियमित पाहणी करायची असते, तिथे एखादं मूल तर नाही ना हे बघायला. वयाचा दाखला घरी असेल तर झेरॉक्स घेऊन लगेच जा, कारण तुरुंगात गेलेली बहुतेक मुलं वय चुकीचं लिहिल्यामुळे जातात.

हे सगळं कधीपासून आहे?

मुंबईत जुनं आहे. डेव्हिड ससून यांच्या नावाची सुधारशाळा १८५७ ची. मुंबई बालक अधिनियम १९२४ चा. डोंगरीचं निरीक्षणगृह जुन्या उमरखाडी तुरुंगाच्या इमारतीत आहे, आणि त्या जाड भिंती पाहिल्या की 'गृह' हा शब्द किती कष्टाने तिथे आणावा लागतो ते कळतं. १९८६ मध्ये पत्रकार शीला बारसे यांनी तुरुंगांत डांबलेल्या मुलांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला आणि न्यायालयाने जिल्हा न्यायाधीशांना तुरुंग पाहायला लावले. त्याच वर्षी देशभरासाठी पहिला बाल न्याय कायदा झाला.

तपासणीने कधी खरंच काही उघड झालंय का?

झालंय. बिहारमध्ये मुजफ्फरपूरच्या मुलींच्या बालगृहातले अत्याचार २०१८ मध्ये बाहेर आले ते मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या 'कोशिश' गटाने केलेल्या सामाजिक लेखापरीक्षणामुळे. राज्य सरकारनेच ते काम त्यांना दिलं होतं. २०२० मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने ज्यांना दोषी ठरवलं त्यांत त्या जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीचा अध्यक्ष आणि बाल संरक्षण कक्षाचा अधिकारीही होता. ज्यांनी पाहायचं तेच सामील होते. ती जागा निरीक्षणगृह नव्हती, पण तपासणीची यंत्रणा तीच. म्हणूनच कायद्याच्या कलम ५५ मधलं बाहेरच्या संस्थेकडून होणारं स्वतंत्र मूल्यमापन मला जिल्ह्याच्या आतल्या चार भेटींपेक्षा मोलाचं वाटतं. जिल्ह्यातली माणसं एकमेकांच्या घरच्या लग्नाला जातात.

आमच्या गावाजवळ एक 'आश्रम' मुलं ठेवतो. नोंदणी आहे का कसं कळणार?

जिल्हा बाल संरक्षण कक्षात विचारा. गरजू मुलं ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेला नोंदणी सक्तीची आहे, ती पाच वर्षांसाठी असते. विनानोंदणी संस्था चालवणाऱ्याला वर्षापर्यंत कैद किंवा किमान एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. निरीक्षण समिती नोंदणी नसलेल्या जागेतही तपासणीला जाऊ शकते. "आमची खाजगी जागा आहे" म्हणून तिला गेटवरून परत पाठवता येत नाही.

मुलाने भेटीत सांगितलं की आत मारलं. मी काय करू?

आधी त्याचं पूर्ण ऐकून घ्या. तारीख, कोणी, कशाने, कोणी पाहिलं, हे घरी गेल्यावर नाही तर गेटबाहेरच लिहून काढा. त्याच दिवशी मंडळाच्या प्रधान न्यायदंडाधिकाऱ्यांच्या नावे अर्ज द्या आणि त्यात वैद्यकीय तपासणीची मागणी करा. वळ चार दिवसांत जातात. एक प्रत जिल्हा बाल संरक्षण कक्षाला, एक जिल्हाधिकाऱ्यांना. प्रत्येक प्रतीवर पोच घ्या. मुलांसाठीच्या १०९८ या हेल्पलाइनवर फोन करा. जिल्ह्यात दाद लागत नसेल तर राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाला लिहा. जखम मोठी असेल तर पोलिसांत थेट गुन्हा नोंदवा. संस्थेच्या कर्मचाऱ्याने केलेल्या क्रूरतेला पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांपर्यंत दंड आहे.

"तक्रार केली तर आत त्याला अजून त्रास देतील" ही भीती खरी आहे, तिला मी खोटं म्हणणार नाही. म्हणून अर्जातच मुलाला दुसऱ्या गृहात हलवण्याची मागणी जोडा.

बातमी झाली तर लवकर न्याय मिळेल ना? फोटो पाठवू का?

नाव, फोटो, शाळा, पत्ता यातलं काहीही बाहेर जाता कामा नये. त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड आहे, आणि व्हॉट्सअॅप ग्रुपही त्यातून सुटत नाही. पत्रकाराशी बोलायचं तर गृहाविषयी बोला, मुलाविषयी नाही.

तपासणीचे अहवाल मला बघता येतील?

माहितीच्या अधिकाराखाली मागा. अर्जात तीन गोष्टी वेगवेगळ्या लिहा: मागच्या चार तिमाहींचे निरीक्षण समितीचे अहवाल, त्यावर झालेल्या कारवाईच्या नोंदी, आणि मंजूर व रिकाम्या पदांची यादी. "मुलांची नावं व ओळख झाकून द्यावी" हे वाक्य स्वतःच लिहा, म्हणजे त्या कारणावरून नकार देता येत नाही. तीस दिवस वाट पाहा, मग पहिलं अपील.

मला समितीवर यायचं असेल तर?

मंडळ आणि बाल कल्याण समितीच्या जागांसाठी राज्य सरकार जाहिरात काढतं. मंडळावर सामाजिक सदस्य व्हायला मुलांच्या आरोग्य, शिक्षण किंवा कल्याणाच्या कामाचा किमान सात वर्षांचा अनुभव, किंवा बाल मानसशास्त्र, समाजशास्त्र, कायदा अशा विषयांतली पदवी घेऊन चालू असलेला व्यवसाय लागतो. मुदत तीन वर्षं. मानधन फार नाही, वेळ फार जातो. निरीक्षण समितीत बालहक्कावर काम करणाऱ्या नागरी सदस्याची आणि मानसिक आरोग्य तज्ज्ञाची जागा असते. त्यासाठी जिल्हा बाल संरक्षण कक्षाला लिहा. निवड झालीच तर पहिल्या भेटीला दुपारी जेवणाच्या वेळी जा, आणि मुलांच्या पंक्तीत बसून जेवा.